कोंबडी न मारणारी फाब्रिसा

बाप गेला आणि ऐन विशीत मोंतलूरची गढी आझेमारच्या गळ्यात पडली. शिकारीपेक्षा त्याला माणसांचं कुतूहल जास्त. उतारावर 'भली माणसं' म्हणवणाऱ्या पंथाची काही घरं होती. तिथली म्हातारी विणकरीण फाब्रिसा मांस खात नसे, कुठलाही जीव मारत नसे, शपथ घेत नसे, आणि हे जग देवानं नव्हे, सैतानानं केलं असं खुशाल सांगे. आझेमार दर रविवारी चर्चला जाणारा. पण तिच्या मागाशी तासन्‌तास बसे.

"म्हणजे द्राक्षंही सैतानाची? मग इतकी गोड कशी?"

"म्हणून तर गोड!"

द्राक्षतोडणीच्या तोंडावर जवळच्या ख्रिस्ती मठाचे मठाधिपती गढीवर आले. पोपनं धाडलेली फौज उत्तरेकडून निघाली होती. उतारावरचे पाखंडी ताब्यात दिले नाहीत तर गढी आणि गावं जाणार, असं त्यांनी बजावलं.

"फादर, पण पाखंडी ओळखायचा कसा?" आझेमारनं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मठाधिपतींनी फाब्रिसाला अंगणात बोलावलं आणि तिच्या हातात कोंबडी दिली. "मुरगळ हिची मान. मुरगळलीस तर मी आल्या वाटेनं परत जातो."

फाब्रिसा कोंबडीची पिसं सारखी करत उभी राहिली.

"आजी, एका कोंबडीसाठी जीव देणार?" आझेमार पुटपुटला.

"पोरा, तू एका म्हातारीसाठी गढी देतोयस, मी विचारलं का काही?"

आपण गढी द्यायला निघालोय, हे आझेमारला तेव्हा कळलं.

"फादर, जेवून जा," तो म्हणाला. "ही इथंच राहील."

मठाधिपती न जेवताच गेले. आझेमारची आई कडाडली, "बापानं राखलेलं सगळं कोंबडीवरून ओवाळून टाकलंस!"

"कोंबडीवरून नाही, आई."

"मग कशावरून?"

तो मेंढपाळांना बोलवायला गेला.

आई आणि भली माणसं यांना त्यानं मेंढपाळांबरोबर डोंगरापलीकडे धाडलं. फौजेनं वेढा घातला. टाक्यातलं पाणी संपलं, तेव्हा आतल्या लोकांना सुखरूप जाऊ द्यावं या अटीवर त्यानं दार उघडलं. गढी उत्तरेच्या कुणा सरदाराला मिळाली.

नेसत्या कपड्यांनिशी तो खिंड ओलांडून गेला. पलीकडच्या गावात फाब्रिसानं दुसऱ्याच्या मागावर काम धरलं होतं. आझेमार तिची लोकर पिंजू लागला.

"अजून चर्चला जातोस?" तिनं विचारलं.

"जातो की."

ती मनापासून हसली. आई मात्र हिवाळाभर त्याच्याशी बोलली नाही.