दुपारचा पहारा

निवृत्तीनंतर काय काय करावं, याचा सल्ला अर्जुनरावांना उभ्या दापोडीनं दिला होता आणि त्यांनी तो बहुतेक सगळा करून पाहिला. हास्यक्लबात हात वर करून हसले. गच्चीवर वांगी लावली. ताथवड्याला लेकीकडे जाऊन नातीशी बुद्धिबळात मुद्दाम हरले. पण चाकणच्या कंपनीत प्रेसशॉपचा सुपरवायझर म्हणून हयात काढलेल्या या माणसाचा जीव रमला तो आळीतल्या मारुतीच्या देवळात. कीर्तनकारांनी अभंगाचं चरण घेऊन थांबावं आणि मागच्या टाळकऱ्यांनी ते अलगद उचलावं, की यांच्या अंगावर काटा यायचा. त्या रांगेत अगदी शेवटी का होईना, आपल्याला उभं राहता यावं, एवढंच आता मागणं उरलं होतं.

आणि त्या रांगेचा म्होरक्या होता चिमाजी.

चिमाजी त्यांच्याच हाताखाली प्रेसवर होता. आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजते आहे असा घरून निरोप आला, तेव्हा शिफ्ट संपत आली होती. त्यानं हात जोडले. अर्जुनरावांनी नियम सांगितला : रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. पुढच्या पाळीच्या रिलीव्हरची बस नाशिक फाट्यावर अडकली होती. चिमाजी पोचला तेव्हा आईच्या तोंडावर चादर ओढलेली होती. त्यानंतर तो अर्जुनरावांशी कामापुरतंही धड बोलला नाही.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी अर्जुनराव नवेकोरे टाळ घेऊन देवळात आले.

"या साहेब," चिमाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पर हितं हजेरीचं पंचिंग मशीन न्हाई. तुमाला करमायचं कसं?"

मंडळी हसली. अर्जुनरावही कसनुसं हसले आणि रांगेच्या टोकाला उभे राहिले. तिथंच घात झाला. शेजारचा नवनाथ ठेक्याला जरा मागं पडला, तशी यांनी जुन्या सवयीनं त्याच्या खांद्यावर टिचकी मारली आणि बोटानं खूण केली : लक्ष कुठंय? नवनाथ हा चिमाजीचा पुतण्या. कीर्तन सरल्यावर चिमाजीनं यांच्या हातातले टाळ काढून घेतले. टाळ मागायचे तर आधी उद्या दुपारी वीणेचा पहारा करून दाखवा, मग बघू, असं त्यानं बजावलं.

सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. ज्याच्या गळ्यात ती असेल त्यानं नामस्मरण करीत उभं राहायचं, येरझाऱ्या घालायच्या. पुढचा पहारेकरी येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. मग देणारा त्याच्या पाया पडतो. तेव्हाच पहिल्याची सुटका.

अर्जुनरावांनी वीणा घेतली. पहारा गोड गेला. पत्रा तापला होता, पंखा नावापुरता फिरत होता, पण मुखातलं रामकृष्णहरी आपसूक चालत होतं. वेळ संपली. नवनाथ यायचा होता, तो आला नाही. जेवणाची पंगत उठली. लोक हात धुऊन समोरून गेले, एकानंही मान वर केली नाही. ओट्यावर चिमाजी सुपारी कातरत बसला होता.

"चिमाजी, नवनाथ कुठाय?"

"येईल की." त्यानं अडकित्ता मिटला. "रिलीव्हर आल्याशिवाय सोडायचं न्हाई, साहेब."

अर्जुनरावांनी आपलाच नियम ओळखला. रागही आला. चांगला कडकडीत, शॉपफ्लोअरवरचा. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. एवढ्यात सुभद्राबाई शोधत आल्या आणि नवऱ्याची दशा बघून त्यांनी ओट्यावरच्या चिमाजीची यथेच्छ खरडपट्टी काढली. म्हाताऱ्या माणसाला छळून कसलं पुण्य मिळतं, असंही विचारलं. चिमाजी सुपारीच कातरत राहिला. मग बाईंनी पदर खोचला.

"अहो, द्या ती माझ्याकडे. मी घेते गळ्यात. घरी चला, इथं कुणाला तुम्ही नकोत."

वीणा त्यांच्या हाती देता आली असती. बाईच्या गळ्यात ती इथं कितीदा आली होती. अर्जुनरावांनी तारांवर हात ठेवला.

"नको गं. त्या दिवशी त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. ज्याची पाळी त्यालाच येऊ दे."

आवाज हळू होता, पण ओट्यापर्यंत गेला. अडकित्ता थांबला. चिमाजी उठला, नळावर हातपाय धुतले आणि गाभाऱ्यासमोर आला. अर्जुनराव येरझाऱ्या थांबवून उभे राहिले. दोघांनाही ठाऊक होतं, की वाकल्याशिवाय ती गळ्यात येणार नाही. मग चिमाजी खाली वाकला आणि त्यानं कपाळ त्यांच्या सुजलेल्या पावलांना टेकवलं.

"वीणेच्या पाया पडलो," उठताना तो पुटपुटला. "तुमच्या न्हाई."

"ठाऊक आहे मला."

वीणा त्याच्या गळ्यात गेली. आता देणाऱ्याची पाळी. अर्जुनराव कण्हत गुडघ्यांवर बसले, डोकं त्याच्या पायांवर ठेवलं आणि ठेवूनच राहिले. चिमाजीनं पाय मागं घेतला नाही. उठायला हातही दिला नाही. सुभद्राबाईंनीच बखोटीला धरून उठवलं.

ते दाराशी पोचले तेव्हा मागून त्याचा आवाज आला, कोरडा.

"टाळ मिळायचे न्हाईत. उद्या ह्याच पहाऱ्याला या. आन् येळेवर या, मी वाट बघत बसनार न्हाई."

बाहेर पायरीवर बसून अर्जुनरावांनी चपलेत पाय घालायचा प्रयत्न केला. पाय जाईना. सुभद्राबाई अजून धुमसत होत्या. असल्या लोकांच्यात परत पाऊल टाकायचं नाही, हास्यक्लब काय वाईट होता, हे चालूच होतं.

अर्जुनरावांनी चपला हातात घेतल्या.

"उद्या स्वयंपाक जरा लवकर कर," ते म्हणाले.