विणकराची गाठ

"सातवा कागद तुला मागितला कुणी होता?" आयव्ही आत्यानं विचारलं.

कुणीच नव्हता. नदीकाठच्या त्या बैठ्या घरांच्या अर्जाला सहाच पुरत होते. ती घरं फक्त ह्युगेनॉंच्या वंशजांना मिळतात, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी धर्मापायी फ्रान्स सोडून लंडनला आलेल्या लोकांच्या रक्ताच्या माणसांना. आमचे देलॉर्म त्यांच्यातलेच, रेशमाचे विणकर.

आत्या म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. वय एकोणऐंशी, बेथनल ग्रीनला नवव्या मजल्यावर एकटी. लिफ्ट ईस्टरपासून बंद आणि गुडघे त्याच्याही आधीपासून. चार महिने तिनं जमिनीला पाय लावलेला नाही. म्हणून मी, इतिहासात वर्गात पहिली आलेली, ऐटीत म्हटलं, आत्या, तुला मी खाली उतरवते. आणि उतरवत आणलंच होतं. बाप्तिस्म्याच्या नोंदी, लग्नाचे दाखले, देलॉर्ममागे देलॉर्म, थेट १६८७पर्यंत. आत्यानं कपबशासुद्धा बांधून ठेवल्या.

फक्त तिच्या वडिलांचा जन्मदाखला मिळेना. त्यांच्या लग्नाचा चालला असता, पण मला साखळीत भोक नको होतं. १९२१ची जनगणना मागवली. त्यात आर्थर देलॉर्म, वय नऊ. नात्याच्या रकान्यात: अनाथालयातून आणलेला मुलगा.

आत्यानं कागद लांब धरून पुन्हा वाचला. "आणि सगळे म्हणायचे, पोरीनं नाक अगदी देलॉर्मांचं घेतलंय."

"आत्या, हा जोडलाच नाही तर? मागितलाय कुठे त्यांनी?"

"आणि तिथली शेजारीण विचारेल, तुमचे कोण आले होते बोटीतून? रोज चहाला बसून थापा मारू? त्यापेक्षा नऊ मजले परवडले."

"म्हणजे तू इथंच…"

"रडू नकोस. नाक लाल होतंय, आणि ते देलॉर्मांचंही नाही. चहा टाक. कप खोक्यात आहेत."

खोक्याची दोरी सुटेना. नखं लावली, दात लावले. शेवटी आत्यानं खोकं मांडीवर ओढलं. विणकराची गाठ होती ती. तिला तिच्या वडिलांनी शिकवलेली, त्यांना अनाथालयातून घरी आणणाऱ्या म्हाताऱ्या देलॉर्मनं. तिनं अंगठ्यानं एक पदर मागे सारला आणि दोरी आपली आपण सैल झाली.

दोन कप पुरले असते. तिनं बाराही काढले.