कुलपावरचा शिक्का

निनावी राहायचंय? मग आधी ओळखपत्र दाखवा! असला कारभार मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आमच्या शहराच्या नॉयकोल्न भागात एका तळघरात ही मंडळी दर महिन्याला जमतात आणि गुप्त मेल कशी पाठवायची ते फुकटात शिकवतात. मी गेले ती पेट्सोल्ड आजोबांसाठी. मी वृद्धाश्रमात परिचारिका. आमच्याकडे माणसं कमी, म्हणून दुपारी म्हाताऱ्यांचे हात खुर्चीला बांधून ठेवतात. "पडू नयेत म्हणून," म्हणे! त्याला कोर्टाची परवानगी लागते, पण विचारतंय कोण? माझी पाळी असली की मी आजोबांचे हात सोडते आणि कॉफीचा कप देते. बाकी कुणी सोडत नाही. हे पेपरात यायला हवं होतं आणि माझी नोकरीही टिकायला हवी होती. ती गेली तर त्यांचे हात सोडणार कोण?

येर्न तिथला गुरू. "हायड्रून, सोपं आहे गं. मेलला घालायचं कुलूप सगळ्यांना वाटायचं, किल्ली स्वतःजवळ ठेवायची. तुझ्या कुलपातलं पत्र सरकारच्या बापालाही उघडता येणार नाही."

"आणि कुलूप माझंच आहे कशावरून?"

"म्हणून तर ओळखपत्र! ते बघून आम्ही एकमेकांच्या कुलपांवर शिक्के मारतो."

"अरे, पण मला नाव लपवायचंय."

"नावाशिवाय विश्वास कसा ठेवणार? जुन्या राजवटीत गुप्त पोलीस लोकांची पत्रं वाफेवर धरून उघडायचे, ठाऊक आहे ना?"

"मला सांगतोस? मी लाइप्झिगची, त्याच राजवटीत वाढलेली. तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे!"

तरी रांगेत उभी राहिले. बातमीदार सिल्के टाम तिथेच होती. तिनं माझ्या कुलपावर शिक्का मारला, मी तिच्या. मग मी तिला सगळं लिहिलं, कुलूप घालून. बातमी छापून आली. मी ओळखू येऊ नये म्हणून तिनं आश्रमाचं नावसुद्धा गाळलं.

पण आमच्या संचालिका ओस्टरलोबाईंनी आपला आश्रम बरोबर ओळखला. मला बोलावून घेतलं.

"तुमची पत्रं मी वाचलेली नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "असली कुलूपबंद पत्रं वाचता येतच नाहीत, आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो." आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

लोकांनी बिनधास्त लिहावं म्हणून सिल्केनं बातमीखाली आपल्या कुलपाचा इंटरनेटवरचा पत्ता छापला होता. तिथे जाऊन कुणीही बघावं, कुलपावर कुणाकुणाचे शिक्के आहेत ते. त्यात माझा होता. नाव, आडनाव, तारीख!

"या बाईंना तुम्ही कशा ओळखता, हायड्रूनबाई?"

संध्याकाळच्या आत सामान आवरून मी बाहेर.

दुसऱ्या दिवशी तशीच तणतणत येर्नकडे गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हा शहाणा विचारतो काय, "पण पत्र कुणाला उघडता आलं नाही ना?"

"नाही."

"मग कुलूप पक्कं आहे!"

"मेल्या, त्या कुलपाला काय चाटू? पत्रात काय आहे ते त्या ओस्टरलोबाईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं! लिहिलं कुणी, एवढंच हवं होतं तिला, आणि ते तुम्ही चव्हाट्यावर लावून ठेवलंत! पूस तो शिक्का."

"पुसता येत नाही."

"म्हणजे?"

"कुणालाच नाही. मुद्दाम तशी रचना केली आहे, कुठल्याही सरकारला पुसता येऊ नये म्हणून." बोलताना आधी त्याची मान ताठ होती. मग माझा चेहरा बघून खाली गेली.

चार वाजले होते. आश्रमात कॉफीची वेळ.

"मग पेट्सोल्ड आजोबांचे हात आता कोण सोडणार?" मी ओरडले.

"कोण पेट्सोल्ड?" येर्ननं विचारलं.

त्यांचं नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं, सिल्केलाही नाही. सगळ्या भानगडीत तेवढंच एक गुप्त राहिलं होतं.