मं.बा. ३

पान एकेचाळीसवर, खालून तिसऱ्या ओळीत, पूर्णविरामाला चिकटून एक बारीक खूण छापली होती : मं.बा. ३. मधे अर्ध्या अक्षराचीही मोकळी जागा नव्हती.

भुवनेश्वरीने चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा वाचली. खूण तिचीच होती. पुस्तक मात्र तिचं नव्हतं. मुखपृष्ठावर ‘इंग्रजी क्रियापदांची गुरुकिल्ली’ आणि त्याखाली ठळक अक्षरांत क्लासचे मालक प्रा. उदयसिंह यांचं नाव होतं.

चार वर्षांपूर्वी ती या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला आली. इंग्रजीचे सर मधेच पुण्याला निघून गेले, तेव्हा उदयसिंह म्हणाले, “दोन महिने सांभाळून घ्या, मॅडम.” ते दोन महिने अजून संपायचे होते.

पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की मंद्रूप-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या मुली ‘पुट अप विथ म्हणजे सहन करणे’ एवढं पाठ करतात आणि तिथंच अडतात. कारण घरात कुणी ‘सहन करणे’ म्हणतच नाही. माणसं खपवून घेतात, चालवून घेतात, सोसतात, ऐकून घेतात. आजारपण सोसायचं असतं, ते कुणी खपवून घेत नाही; शेजाऱ्याचा रेडिओ चालवून घ्यायचा असतो, तो कुणी सोसत नाही. हा फरक कुठल्या कोशात तिला मिळाला नाही. मग प्रयोगशाळेत नमुने गोळा करावेत तशी ती वाक्यं गोळा करू लागली. कार्डाच्या पुढून वाक्य, मागून खूण : कुठं ऐकलं, कितवं. पा.स्व. म्हणजे सासूबाई पार्वतम्मा, स्वयंपाकघर. “ह्या मिक्सरचा खडखडाट मी बारा वर्षं ऐकून घेतलाय की!” हे त्यातलं सातवं. मं.बा. म्हणजे मंद्रूपचा बाजार. तिथं भाजी विकणाऱ्या नीलम्माचं वाक्य तिसरं : “त्या व्यापाऱ्याचं मापात मारनं म्या लई दिस खपवून घेतलं, आता न्हाय.”

अशी सहाशे कार्डं झाली. दिवाळीच्या सुटीत उदयसिंहांनी “मुलांसाठी झेरॉक्स काढतो” म्हणून कार्डांचा डबा मागून घेतला आणि तिने दिला.

पार्वतम्मा तेव्हाच कडाडल्या होत्या, “दिलास? सगळा? अगं भुवना, सोड तो क्लास. उद्या सांगते, उद्या सांगते म्हणतीस, अन् तुझा उद्या काय उजाडत न्हाय बघ.”

“ही बॅच झाली की सांगते, अत्ती.”

“अशा किती ब्याचा झाल्या गं?”

पुस्तक हातात धरून भुवनेश्वरी वर्गाकडे निघाली. दाराशीच तिची पावलं थबकली. आत उदयसिंह उत्तरं पाठ करून घेत होते आणि मंगळवेढ्याची विद्यार्थिनी संस्कृती उभी राहून एका दमात म्हणत होती, “पुट अप विथ म्हणजे खपवून घेणे. उदाहरण. त्या व्यापाऱ्याचं मापात मारनं म्या लई दिस खपवून घेतलं, आता न्हाय. मं.बा. तीन.”

“व्हेरी गुड! जसंच्या तसं. परीक्षेत असंच लिहायचं, एक अक्षर गाळायचं नाही.”

चाळीस मुलींनी वहीत लिहून घेतलं : मं.बा. तीन.

भुवनेश्वरीची कानशिलं तापली. चोरी ती कदाचित आणखी एक बॅच गिळूनही बसली असती. तेवढी सवय तिला झाली होती. पण ज्याला आपण काय उचललं हेही कळत नाही, तो ते चाळीस मुलींकडून घोकून घेत होता.

तास संपल्यावर ती केबिनमध्ये गेली. उदयसिंह पेढ्याचा बॉक्स उघडत होते. “या मॅडम, तोंड गोड करा. पाचशे प्रती! कव्हर कसं झालंय?”

“सर, मं.बा. तीन म्हणजे काय?”

“ते होय... काहीतरी संदर्भ असेल.”

“कसला?”

“आता मॅडम, तुम्ही सायन्सवाले फार खोदत बसता.” ते हसले. “आतल्या पानावर ‘सर्व सहकाऱ्यांचे आभार’ छापलंय की. तुम्ही तर घरच्याच. घरच्यांचं का कुणी नाव घालतं?”

“मंद्रूपचा बाजार, तिसरं कार्ड. वाक्य नीलम्माचं आहे. ती भाजी विकते.”

“असं का? मग काढून टाकू पुढच्या आवृत्तीत. उगीच भाजीवालीचा पत्ता कशाला पुस्तकात!”

तो बॉक्स तिने हाताने बाजूला सारला. एवढ्याशा जागेत तिला पहिल्यांदाच आपला आवाज मोठा वाटला.

“वाक्य ठेवणार आणि बाईला काढून टाकणार? चार वर्षं माझ्या टेबलावरच्या नोट्स उचलल्यात, मी बोलले नाही. ती चूक माझी. पण त्या बाईने रणरणत्या उन्हात बसून, माझ्यासाठी गिऱ्हाईक थांबवून मला शब्द दिलेत. तिला तुम्ही खोडणार?”

“मॅडम, आवाज खाली. बाहेर मुली आहेत.”

“ऐकू दे त्यांना. माझा डबा द्या.”

त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. तिने डबा काढला, झाकण नीट बसवलं आणि उघड्या दारात वळून उभी राहिली. बाहेर संस्कृती आणि चार-पाच जणी वही छातीशी धरून थांबल्या होत्या.

“सर, मी क्लास सोडला. उद्यापासून नाही, आत्तापासून. आणि हे पुस्तक मी काढणार आहे, माझ्या नावानं. पहिल्या पानावर नीलम्माचं नाव पूर्ण लिहून.”