मुठीचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, लांबूनच ऐका, झाकणाला हात लावू नका. तुम्ही चांगल्या घरची मुलं दिसता, पण मला चांगल्या घरच्यांचाही भरवसा वाटत नाही.

माझा जन्मच संशयात झाला. सांगलीच्या पेठेत माझ्यात गोडेतेल भरलं, तर पहिल्याच गिऱ्हाइकानं बोट बुडवून वास घेतला आणि भेसळ आहे का म्हणून विचारलं. तेल संपल्यावर लोणंदच्या बाजारात एका कारागिरानं माझं तोंड कापून वर घट्ट झाकण बसवलं. तिथून मी औंधाजवळच्या एका खेड्यात, ख्रिस्ती मंडळीच्या देवळात आलो. देऊळ कसलं, मातीच्या भिंती, वर कौलं, आत एक टेबल आणि भिंतीवर लाकडी क्रूस.

माझं काम मात्र मानाचं होतं. मंडळीतल्या बायका दळायला बसण्याआधी एक मूठ धान्य देवाचं म्हणून बाजूला काढायच्या आणि देवळात आणून माझ्यात टाकायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी मला टेबलावर ठेवत, प्रार्थना होई, आणि ज्या घरात अडचण असेल तिथं ते धान्य जाई. हा डबा कधी रिकामा राहिला नाही, असं पाळकसाहेब सगळ्यांना सांगायचे. मी नुसता फुगून जायचो.

मग बहात्तर सालचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या. माणसं पोटासाठी खडी फोडायला गेली. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरत नसे. सायकलवर येणारे पाळकसाहेब आजारी पडले आणि येईनासे झाले. मूठ टाकायला एकटी साळूबाई उरली, आणि झाडलोट करायला म्हातारा तात्याबा.

साळूबाईचा नवरा आकाराम काम शोधायला पुण्याकडं गेला होता. सहा महिने त्याचं पत्र नव्हतं आणि पदरात दोन लेकरं होती. आधी ती मोठ्यानं प्रार्थना करायची. पुढं पुढं नुसती भिंतीकडं बघत बसायची. एके दिवशी तिनं तात्याबाला सांगून टाकलं, की मी पोटाला चिमटा घेऊन मूठ टाकते, तरी डबा भरत नाही. पहिल्या रविवारी तो रिकामा निघाला, तर देव आपल्याला विसरला असं समजेन आणि पुन्हा या दारात येणार नाही.

आणि मी खरंच रिता होत चाललो होतो. कोण नेतंय? झाकण घट्ट, म्हणजे उंदीर नाही. शेजारच्या हरणाबाईची शेळी दारात घोटाळायची, तिच्यावरही मी चार दिवस डोळा ठेवला. शेवटी चोर सापडला. तो तात्याबाच! साळूबाई वरून मूठ टाकायची, दाणे वाजायचे. हा मात्र रोज दुपारी यायचा, दाराकडं बघायचा, हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि आवाज न करता काढून घ्यायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मला त्याची शिसारी आली.

रविवार उजाडला. पाच-सहा माणसं जमली. साळूबाईनं मला उचललं, तळाशी चार दाणे खडखडले आणि तिचा चेहराच उतरला.

"आवं तात्याबा," ती म्हणाली, "डब्यात हात घालताना मी तुमाला बगितलंय. देवाचं बी खाल्लंसा?"

बरं झालं, मी मनात म्हणालो.

तात्याबानं टोपी काढून हातात घेतली. "साळू, मी रोज मूठ टाकत हुतो गं. दोर वळून दाणं मिळत्यात, त्यातली. तरी डबा उतरायचा. मला वाटलं, तूच नेतीस. म्हटलं, नेऊ दे, लेकरं हाईत."

"मग इचारलं का न्हाई?"

"इचारलं असतं, तर तू देवळात आली असतीस व्हय?"

साळूबाईनं मला छातीशी धरलं. तेवढ्यात तिच्या पायावर दाणे पडले. ते माझ्या बुडातून पडत होते! आधीच्या पावसाळ्यांत ओल्या जमिनीवर राहून माझं बूड कोपऱ्यात सडलं होतं आणि खाली जमिनीत उंदराचं बीळ होतं. साऱ्या गावावर संशय घेतला, आणि भोक माझ्याच बुडाला. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बीळ उकरलं. ज्वारी आणि मिलो निघाला, निम्मा उंदरांनी खाल्लेला. साळूबाईनं तो पाखडला, निवडला आणि तात्याबाच्या घरी घेऊन गेली. त्याच्या चुलीत आदल्या दिवसापासून जाळ नव्हता. परत येऊन ती माझ्याशेजारी खाली बसली, पदरानं डोळे पुसले आणि कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं प्रार्थना केली. आकारामचं पत्र आलं नव्हतं, पाऊसही नव्हता. दुसऱ्या दिवशी ती मूठ घेऊन आली.

आता माझ्या बुडाला ठिगळ आहे. संशयी स्वभाव काही जात नाही. पण मित्रांनो, कितीही टाकलं तरी भरत नाही असं वाटून तुमचं मन कधी खचलं, तर कुणाला चोर म्हणण्याआधी डबा उचलून खालून बघा. आणि मूठ टाकणं थांबवू नका. तुम्ही यायचं थांबू नये म्हणून कुणीतरी उपाशी राहून त्यात आपली मूठ टाकत असेल.