आठ कोऱ्या डब्या

गाठीचा तुकडा ठेवायच्या डबीवर पेन्सिलीनेच लिहायचं असतं. डबी रात्रभर अल्कोहोलमध्ये राहते आणि पेनची शाई त्यात विरघळते. प्रयोगशाळेत नवीन येणाऱ्यांना हे मीच शिकवते. त्या दिवशी पेन्सिलीचं टोक मोडलं, हाताशी पेन होतं, आणि घाईत मी त्यानेच आकडे टाकले. सकाळी आठही डब्या कोऱ्या निघाल्या.

आठ बायकांच्या स्तनांतल्या गाठी. त्यांतली एक माझ्या ताईची.

डॉक्टरांनी तपासलं. पाच साध्या, तीन कर्करोगाच्या. कोणती कोणाची, ते सांगता येईना. जनुकं जुळवायची सोय आमच्याकडे नव्हती. सातजणींना पुन्हा सुई टोचता येणार होती. ताईची गाठ मात्र वाटाण्याएवढी, सगळीच काढलेली.

"म्हणजे धांदरटपणा तुझा आणि धाकधूक माझी," ताई म्हणाली. "बरं, शास्त्रज्ञ बाई, गणित तरी सांगा."

आठांतून तीन निवडायच्या. आठ फॅक्टोरियल भागिले पाच फॅक्टोरियल आणि तीन फॅक्टोरियल यांचा गुणाकार, म्हणजे छप्पन्न प्रकार. त्यांतल्या एकवीस प्रकारांत ती सापडत होती.

"पस्तीस वेळा सुटते की गं! शाळेत गणितात एवढे कधी पडले नव्हते मला."

नवे नमुने एकेक करून आले. पहिल्या दोघींच्या गाठी साध्या निघाल्या. उरले वीस प्रकार, ताई दहांत. तिसरीला कर्करोग होता. दहांत चार. मला हायसं वाटलं. तिला दोन लहान मुली आहेत हे मला ठाऊक होतं, तरी वाटलं.

चौथी आणि पाचवी सुटल्या. तिनांत दोन. सहावी सापडली. दोनांत एक.

सातवी बेकरीत कामाला होती. तिचा नमुना डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. तिचं वाईट व्हावं म्हणून मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते.

"साधी आहे," ते म्हणाले. "कळव तिला."

मी फोन लावला. ती रडली, मला आशीर्वाद देत राहिली. मी हो हो म्हणत राहिले.

ताई बाहेर बाकावर बसली होती.

"आता किती प्रकार उरले?"

"एक."

पर्स उघडून ती उगाचच किल्ल्या शोधू लागली.