कट्ट्यावरच्या दुधातून आलेला धागा

मी एक धागा बोलतोय. कापसाचा नव्हे, डीएनएचा. जिवाणूच्या आत मावणारा, दोन्ही टोके जुळून गोल झालेला. माझ्यावर एकच हुन्नर लिहिलेला आहे: एक ठरावीक औषध निकामी कसे करायचे. हे मला नीट सांगता येईल ना, याची धास्ती वाटते. ज्यांना मी कधी दिसलोच नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा?

माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. बहुधा मातीत, माणसाने औषधे बनवण्याच्या कितीतरी आधी. आठवते ती आकाराम गवळ्याची म्हैस. तिची कास सुजली. आकारामने तिला औषधाच्या सुया टोचून घेतल्या आणि सूज उतरताच पुढच्या टाळल्या. तिच्या आतड्यातले माझे शेजारी त्या औषधाने मेले. ज्याने मला सांभाळले होते तो जगला. रिकाम्या जागेत त्याचीच पिल्लावळ भरली.

आमच्यात देण्याची एक रीत आहे. एक जिवाणू दुसऱ्याला बिलगतो आणि माझी नक्कल त्याच्या हवाली करतो. देणाऱ्याकडचा मी कमी होत नाही. माणसांत फक्त विद्या अशी देता येते. तीही पुष्कळजण हात राखून देतात.

पण मी ओझेही आहे. औषध नसते तेव्हा मला वाहणारा जिवाणू सावकाश वाढतो, मोकळे असलेले पुढे जातात. एका जिवाणूचे दोन होताना कुणाच्या वाटणीत मी सुटूनही जातो. तेव्हा माझी आठवण कुणी काढत नाही.

शेणाने माखलेल्या कासेवरून, घाईत धुतलेल्या हातांवरून मी दुधात उतरलो. गवळी म्हशी आणून दूध विकतात त्या कट्ट्यावर, समोर धार काढलेला फेसाळ पेला सोमशेखर सरांनी उभ्याउभ्या रिकामा केला. गणिताचे निवृत्त प्राध्यापक. साल १९९८.

"उकळून पिणारी माणसं पुण्याकडची, सर," आकाराम म्हणाला. "हितं धार थेट गिलासात."

"रोज तेच सांगतोस."

"रोज पिताय की."

योगायोग असा, की सर त्याच दिवसांत माझे गणित मांडत होते. त्यांची भाची रक्षिता गडहिंग्लजला रोगनिदानाची प्रयोगशाळा चालवायची. आतड्यात असे धागे कसे पसरतात, हे समीकरणात बसेल का, असे तिने विचारले होते. सरांनी माझे आयुष्य तीन आकड्यांत आणले: मी किती वेगाने दिला जातो, किती जड आहे, किती वेळा सुटतो. ओझे आणि सुटणे देण्यावर मात करत होते. म्हणजे औषध थांबले की मी हळूहळू नाहीसा होणार. मला ते पटले. माझे नशीब कुणी इतके स्वच्छ मांडले नव्हते.

मग आतड्यातले काही जिवाणू मूत्रमार्गात शिरले. सरांना लघवीला जळजळ सुरू झाली, थंडी वाजून ताप आला. डॉक्टरांनी दिलेल्या, म्हशीला टोचलेल्याच औषधाच्या गोळ्यांनी तो उतरला आणि सरांनी गोळ्या बंद केल्या.

"अर्धं पाकीट ऱ्हायलंय," त्यांच्या पत्नी शिवलीलाबाई म्हणाल्या.

"औषध चालू ठेवलं तर धागेवालेच माजतील. थांबवलं की मागे पडतील. गणित तसं सांगतं."

"तुमचं गणित तापाला ठाऊक हाय व्हय?"

ताप परत आला, आणि त्याच गोळ्या आता हरल्या. मूत्रमार्गात उरले होते ते मला सांभाळणारे. सरांचे बोलणे भरकटू लागले. शिवलीलाबाई गळ्यातले इष्टलिंग मुठीत धरून उशाशी बसल्या. माझे सरांशी वैर नव्हते. पण ज्या घरात मी तगलो होतो, ते घरच माझ्यामुळे कोसळू पाहत होते.

रक्षिताने नमुना तपासून चालणारे औषध शोधले. ते सुईवाटे द्यावे लागले. उशीला टेकून बसता आल्यावर सरांनी पहिल्यांदा विचारले, "माझं कुठं चुकलं?"

"गोळ्या मधेच सोडल्या, ते एक. आणि तुमच्या समीकरणातलं आतडं म्हणजे बंद डबा आहे, मामा. सकाळी तुम्ही कुठं जाता?"

"कट्ट्यावर."



"सगळ्यांस्नी इचारलं, म्हशीला तेवढं इचारायचं ऱ्हायलं," शिवलीलाबाई म्हणाल्या.

रक्षिताने दोन्हीकडचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत धाडले; आकारामच्या दुधात आणि सरांच्या आत एकच धागा निघाला. सरांनी चौथा आकडा घातला: रोज बाहेरून येणारा मी. त्याबरोबर आलेखावरची माझी रेघ खाली येईनाशी झाली. तो आकडा काढला, की ती उतरू लागे.

सर किटली घेऊन कट्ट्यावर गेले. "आजपासून घरी नेतो. उकळून पिणार."

आकारामने त्यांच्याकडे पाहिले. गिऱ्हाइके ऐकत होती. "माझं दूध वंगाळ म्हणतायसा?"

"नाही. म्हशीच्या सुया पुऱ्या कर म्हणतोय. आणि मी मरता मरता वाचलोय."

आकारामने किटली मापापेक्षा जरा जास्तच भरली.

याला काही वर्षे झाली. कागदावरची रेघ शून्याच्या जवळ येते, पण टेकत नाही. ती टेकावी म्हणून सर आकडे किंचित हलवून पाहत, मग पुन्हा जागेवर ठेवत. शेवटी त्यांनी ती आहे तशी राहू दिली.

रेघ आणि शून्य यांच्या मधल्या फटीत मी राहतो. कुणा एका जिवाणूत, जड, विसरलेला. तक्रार नाही. विनंती एवढीच, की साध्या सर्दीसाठी शेजारणीकडची उरलेली गोळी गिळून मला हाक मारू नका. मी दुष्ट नाही. पण बोलावल्यावर न येणे मला जमत नाही.